आधी कोणाची लाईन जाते?

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. विजेबद्दल मला कळतं ते एवढंच की बटण दाबलं की दिवा लागतो, आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात पुष्कळ वर्षं बटण दाबूनही तो लागत नसे. तरीही आज या विषयावर लिहायला बसले आहे, त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी.

हा मुलगा १९९०च्या आसपास माझ्या हाताखालून दहावी झाला. घरी दोन एकर कोरडवाहू, बाप दुसऱ्याकडे सालगडी. गणितात हुशार, मराठीच्या शुद्धलेखनात मात्र कायम काठावर. पुढे इंजिनिअर झाला आणि नोकरीला लागला तो एका भार प्रेषण केंद्रात. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मालवाहतुकीचं ऑफिस असावं. पोरगं शिकून ट्रक मोजायला लागलं की काय! मग त्याने समजावून सांगितलं की भार म्हणजे विजेचा भार, आणि राज्यात कुठल्या क्षणी किती वीज तयार व्हावी आणि कुठे जावी हे जिथे बसून बघतात ती ही जागा. महाराष्ट्राचं मुख्य केंद्र नवी मुंबईत ऐरोलीजवळ कळव्याला आहे. आपल्या विदर्भासाठी नागपूरला अंबाझरीला एक आहे. पश्चिम भारताचं मुंबईत आणि सगळ्या देशाचं दिल्लीत.

२०२० सालचा ५ एप्रिल आठवतो ना? टाळेबंदीचे दिवस होते. रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आम्हीही अंगणात पणती लावली. समोरच्या लेकरांनी थाळ्याही वाजवल्या (थाळ्यांचा कार्यक्रम २२ मार्चलाच होऊन गेला होता, पण लेकरांना काय त्याचं). दहा मिनिटांनी सगळे आपापल्या घरात. आठवड्याभराने या विद्यार्थ्याचा फोन आला.

"मॅडम, त्या रात्री तुम्ही दिवे किती वाजता बंद केले?"

"नऊच्या दहा मिनिटं आधीच. का रे?"

"तुमच्यासारख्या आधी बंद करणाऱ्यांनीच तर आमचा घाम काढला."

मला गंमत वाटली. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून गंमत गेली. वीज साठवून ठेवता येत नाही (म्हणजे थोडीफार येते, पण देशाच्या हिशोबात नगण्य). जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. दिल्लीच्या लोकांचा अंदाज होता की सगळे दिवे बंद झाले तर मागणी १२-१३ हजार मेगावॅटने उतरेल. प्रत्यक्षात ती ३१ हजारांहून अधिक उतरली. रात्री पावणेनऊच्या सुमारास देशात १ लाख १७ हजार मेगावॅट वीज खपत होती, ९ वाजून १० मिनिटांनी ८५ हजार. कोळशाची केंद्रं इतक्या चटकन कमी-जास्त करता येत नाहीत. बॉयलर म्हणजे काही गॅसची शेगडी नव्हे. म्हणून सगळा भरवसा पाण्यावर ठेवलेला होता. धरणांवरची वीज २५ हजार मेगावॅटच्या वरून ८ हजारांवर आणली, आणि लोक घरात परतून दिवे लावू लागताच पुन्हा चढवली. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात. आणि आम्ही पणत्या लावून झोपी गेलो होतो.

"पण बिघडलं काय असतं रे?" मी विचारलं.

"मॅडम, गावची गिरणी आठवते का?"

आठवते म्हणजे काय! माझं माहेर आर्वी तालुक्यातलं. आमच्या लहानपणी गावात डिझेल इंजिनवर चालणारी पिठाची गिरणी होती. तिचा टुकटुक आवाज शिवारापर्यंत जायचा. कोणी ज्वारीचं मोठं दळण ओतलं की इंजिनाचा आवाज खाली बसायचा, जड व्हायचा. गिरणीवाला लगेच हात लावून इंधन वाढवायचा, की आवाज पुन्हा मूळ लयीत. दळण संपलं की इंजिन एकदम हलकं होऊन सुसाट धावायला बघायचं, तेव्हा कमी करायचं. डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्याला सुद्धा आवाजावरून कळायचं की दळण पडलं की संपलं.

तो म्हणाला, "तीच गिरणी. फक्त काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी इंजिनं एकाच पट्ट्याला बांधली आहेत असं समजा. आमच्या भिंतीवर मोठ्या आकड्यात लिहिलेलं असतं : ५०. तो त्या गिरणीचा आवाज."

सेकंदाला ५० आवर्तनं. विज्ञानाच्या पुस्तकात जिला वारंवारता म्हणतात, आणि हे इंजिनिअर लोक नुसतंच फ्रिक्वेन्सी. कोराडीचं जनित्र असो की चंद्रपूरचं, ते मिनिटाला ३,००० फेरे घेत असतं, आणि जाळ्यातली सगळी जनित्रं एकाच तालावर. मागणी वाढली की सगळ्यांचाच वेग कणभर कमी होतो : ४९.९, ४९.८. कमी झाली की वाढतो. ५ एप्रिलच्या त्या रात्री हा आकडा ४९.७ ते ५०.२६ या दरम्यान राहिला. आपल्याला वाटेल, पावाचा तर फरक! पण आकडा फार घसरला की जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतात. एक बाहेर पडलं की उरलेल्यांवर भार वाढतो, मग दुसरं पडतं. बैलगाडीला चार बैल असावेत आणि चढावर एकेकाने जू टाकावं, तसं.

मग मी अगदी शाळामास्तरणीचा प्रश्न विचारला. एवढा वेळ नसेल, आकडा धडाधड खाली चालला असेल, तर तुम्ही काय करता?

"आम्ही काही करत नाही मॅडम. तेवढा वेळच नसतो. रिले करतात. ४९.४ ला पहिल्या टप्प्यातले फीडर आपोआप बंद, मग ४९.२ ला दुसरे, ४९ ला तिसरे. कोणते फीडर कधी सोडायचे त्याची यादी आधीच करून ठेवलेली असते. हॉस्पिटल, रेल्वे, पाणीपुरवठा त्यात घेत नाहीत."

"आणि कोणाला घेतात?"

तो हसला. म्हणाला, "इतिहासाच्या मॅडमनी हाच प्रश्न विचारायला पाहिजे."

त्या एका शब्दाने माझी झोप उडवली. यादी. कंप्युटर, पडदे, उपग्रह, सगळं ठीक. पण आणीबाणीच्या सेकंदात यंत्र जे करतं ते कुणीतरी निवांत दिवशी, टेबलावर, चहा पीत लिहून ठेवलेलं असतं. त्यानंतर मी नातवाला कामाला लावून या विषयावर बरंच वाचलं. म्हातारपणी लागलेलं खूळ म्हणा.

आपल्या राज्यात मोठ्या विजेची सुरुवात टाटांच्या खोपोलीच्या केंद्राने १९१५ साली झाली. मग भिवपुरी, भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी खाली सोडायचं आणि वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना द्यायची. केंद्रं मोजकी, गिऱ्हाइकं मोजकी. नियंत्रण म्हणजे एक टेलिफोन आणि एक वही. १९६० साली राज्य झालं, वीज मंडळ आलं, १९६२ पासून कोयनेची वीज सुरू झाली. तेव्हाही टेलिफोनच. या फोनची एक गंमत कळली. उच्च दाबाच्या ज्या तारांतून वीज जाते त्याच तारांवरून बोलणंही पाठवत. पोस्टाच्या टेलिफोनवर विसंबून कसं चालणार? ट्रंक कॉल लागेपर्यंत राज्य अंधारात जायचं. तर वीज ज्या वाटेने जायची त्याच वाटेने "इतके मेगावॅट वाढवा" हा निरोपही जायचा. निरोप्याने राजाच्याच रथातून जावं असं.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. त्यात किती माणसं गेली, किती घरं पडली हे आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईचे कारखाने अडले, हेही वाचलं. माझ्या वडिलांचं एक वाक्य तेव्हाचं लक्षात आहे : "बाप्पा, एवढ्या दूरच्या गावाची लाईन त्या धरणावर!" त्यांना ते अजब वाटलं होतं. आमच्या घरी तेव्हा कंदील होता.

अमेरिकेत त्याच्या दोन वर्षं आधी, ९ नोव्हेंबर १९६५च्या संध्याकाळी, न्यूयॉर्कसह ईशान्येकडचा मोठा भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे ३ कोटी लोक, काही ठिकाणी १३ तास. कारण काय, तर कॅनडातल्या एका वीज केंद्रातला एक रिले. त्याला ज्या आकड्यावर तार तोडायला सांगून ठेवलं होतं तो आकडा जुना होता, वाढलेल्या भाराला पुरेसा नव्हता. रिलेने आज्ञा पाळली, बिचारा. एक तार सुटली, तिचा भार बाकीच्यांवर गेला आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. त्यानंतर तिथे वीज कंपन्यांनी एकत्र येऊन नियम केले, आणि नियंत्रण कक्षांत क्षणाक्षणाचा हिशोब ठेवणारे कंप्युटर आणण्याची घाई सुरू झाली.

असले कंप्युटर त्या दशकात आणखी एका ठिकाणी जोमाने तयार होत होते, आणि ते म्हणजे चंद्राच्या वाटेवर. दोन्हीकडचं काम मुळात एकच. दूर कुठेतरी यंत्र चाललं आहे, त्याचा ताप, दाब, वेग यांचे आकडे सतत इकडे येतात, आणि इकडून हुकूम तिकडे जातो. उशीर चालत नाही. उद्या दुरुस्त करू म्हणता येत नाही.

२० जुलै १९६९. चंद्रावर उतरायला काही मिनिटं उरलेली, आणि यानातल्या कंप्युटरने धोक्याचा इशारा दिला : १२०२. आर्मस्ट्राँगला हा आकडा कशाचा ते माहीत नव्हतं. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात जबाबदारी होती २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सवर आणि त्याच्या मदतीला होता २४ वर्षांचा जॅक गार्मन. (माझ्या हाताखालून पहिली बॅच गेली तेव्हा माझं वय गार्मनएवढंच होतं. वर्गात उंदीर निघाला तरी मी गडबडायची.) काही सेकंदांत त्यांनी निर्णय दिला, पुढे चला. का देता आला? तर उतरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सरावात असाच एक इशारा मुद्दाम दिला गेला होता, आणि बेल्सने घाबरून मोहीम रद्द करायला सांगितलं होतं. ती चूक होती. त्यानंतर त्यांच्या प्रमुखाने, जीन क्रांट्झने, सगळ्या इशाऱ्यांचा अभ्यास करायला लावला, आणि गार्मनने हाताने एक कागद लिहून ठेवला, कोणता इशारा आला तर काय करायचं. पुन्हा यादीच!

पण त्याहून मोठी यादी यानाच्या आत होती. १२०२चा अर्थ असा की कंप्युटरवर कामाचा भार त्याच्या ताकदीपेक्षा जास्त झाला आहे. एका रडारमुळे त्याला नको ते जास्तीचं काम लागलं होतं. अशा वेळी तो काय करत होता? कमी महत्त्वाची कामं सोडून देत होता आणि यान उतरवण्याचं काम चालू ठेवत होता. कोणतं काम आधी सोडायचं हे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतल्या लोकांनी कितीतरी आधी ठरवून त्यात घालून ठेवलं होतं. मी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मंडळी, हे तर भारनियमन! चंद्रावर माणूस उतरला तो लोडशेडिंग करत उतरला.

फरक एवढाच की तिथे ज्याची लाईन गेली ती गणितं होती. गणितांना अभ्यास नसतो, दवाखाना नसतो, ओलिताला आलेला गहू नसतो.

यंत्राचं ऐकावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडेही आला. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून आपलं एसएलव्ही-३ पहिल्यांदा उडालं. शेवटच्या टप्प्यात कंप्युटरने उड्डाण रोखलं होतं. प्रकल्पप्रमुख होते अब्दुल कलाम. तज्ज्ञांनी सल्ला दिला, काळजीचं कारण नाही, आणि कलामांनी कंप्युटरला बाजूला सारून उड्डाणाचा हुकूम दिला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून आम्ल गळत होतं. रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. कलाम हे पुढे राष्ट्रपती झाल्यावरही भाषणांतून सांगत असत, निर्णय माझा होता असं स्वतःच म्हणत. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे प्रमुख सतीश धवन. पुढच्या वर्षी १८ जुलैला यश आलं तेव्हा मात्र धवनांनी कलामांना पुढे केलं. शिक्षकांनी हा किस्सा मुख्याध्यापकांना वाचून दाखवावा, एवढंच सुचवते.

आणि यंत्र बोललंच नाही तर? १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेत ओहायओमधल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात इशारे देणारा प्रोग्राम दुपारी सव्वादोनच्या सुमारास मुकाट बंद पडला. पडदे चालू, दिवे चालू, पण धोक्याची घंटा वाजेना. बाहेर तारा झाडांना टेकून एकामागून एक सुटत होत्या. शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते की तुमच्याकडे काहीतरी चुकतंय, आणि इथली माणसं आपल्या पडद्याकडे बघून म्हणत होती, आमच्याकडे तर सगळं ठीक दिसतंय. चारच्या सुमारास ५ कोटी लोकांची वीज गेली.

आपल्या देशावर तशी पाळी आली २०१२ साली. ३० जुलैच्या रात्री अडीचच्या सुमारास उत्तर भारताचं जाळं कोसळलं. ते उभं करतात न करतात तोच दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही गेली. ६० कोटींवर लोकांचा भाग. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती बीना–ग्वाल्हेर या एका वाहिनीपासून. पश्चिमेचं, म्हणजे आपलं जाळं तगलं, म्हणून आपल्याला त्याची झळ कळली नाही. चौकशीत जे निघालं ते मला यंत्रापेक्षा माणसांचं वाटतं. उत्तरेतली राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. वरून सूचना जात होत्या की भार कमी करा. हवा तसा कमी होत नव्हता. आपल्या हाताने आपल्या लोकांचा फीडर कोण बंद करणार? आणि आकडा घसरल्यावर आपोआप भार सोडणारे जे रिले कागदावर होते, त्यांनी प्रत्यक्षात पुरेसा भार सोडला नाही. यादी होती, पण ती अंगाला लावून घ्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सगळ्यांचीच गेली.

आता आपल्या घरचं.

दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला. मागणी वाढत गेली, नवीन केंद्रं उभी राहिली नव्हती. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या. त्या पुढच्या काही वर्षांत राज्यात विजेचा तुटवडा ऐन वेळेला चार-पाच हजार मेगावॅटवर जात होता. म्हणजे रोजच कोणाची तरी लाईन काढणं भाग होतं. इथे काही रिले लागत नव्हते, हे सावकाश, वेळापत्रक छापून चालायचं. यादी अशी : ज्या भागात वीजचोरी आणि गळती कमी, बिलाची वसुली चांगली, तो 'ए' गट, त्याला सगळ्यांत कमी अंधार. मग बी, सी असं करत खाली एफ, जी पर्यंत. नियामक आयोगापुढे हे मांडलं गेलं, मंजूर झालं. मुंबई त्यात नव्हतीच. तिथल्या कंपन्या वेगळ्या, हिशोब वेगळा. शिवाय मोठा बिघाड झाला तर मुंबईला जाळ्यापासून तोडून बेटासारखं उजेडात ठेवण्याची योजनाही ऐंशीच्या दशकापासून होती. (१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास तीही चालली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी आमच्याकडे लाईन होती. मी आनंद मानला नाही. थोडासा मानला.)

विदर्भातल्या माणसाला हे जे बोचतं ते इतर वाचकांनी समजून घ्यावं. कोळसा आमचा, कोराडी आमची, चंद्रपूर आमचं, राख आमच्या छातीत. १९९९ साली चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची थेट वाहिनी सुरू झाली, दीड हजार मेगावॅटची. ती अशा प्रकारची वाहिनी आहे की मधल्या एकाही गावाला तिच्यातून वीज घेता येत नाही. एका टोकाला चढते, दुसऱ्या टोकाला उतरते. तंत्र म्हणून योग्यच असेल. पण खाली गावात कंदील आणि वरून ती चाललेली!

माझ्या नोकरीची शेवटची तीन वर्षं या काळात गेली. शिक्षक खोलीच्या भिंतीवर दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी चिकटवलेली असत, एक शाळेचं, एक लोडशेडिंगचं. दहावीच्या मुलांचे जादा तास आम्ही दुसरं बघून लावायचो. पहाटे साडेचारला पोरं दप्तर घेऊन यायची, कारण सहाला लाईन जायची. मुलींना त्या अंधारात पाठवायला काही घरं तयार नसत. त्यांचं मी कोणाला दोष देऊन सांगत नाही. एक मुलगी मात्र आठवते. तिचं घर गावात सगळ्यात आधी बिल भरणाऱ्यांपैकी. तिने मला विचारलं होतं, "मॅडम, आम्ही आकडा टाकत नाही, बिलही भरतो. मग आमची लाईन काऊन जाते?"

(आकडा टाकणे म्हणजे खांबावरच्या तारेवर वायर अडकवून वीज घेणे. बाहेरगावच्या वाचकांसाठी. पन्नासचा आकडा वेगळा, हा वेगळा.)

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी गुळमुळीत सांगितलं असणार. खरं उत्तर असं होतं की यादीत माणूस नसतो, फीडर असतो. फीडरवर चोरी जास्त म्हणून फीडर खालच्या गटात, आणि त्यावरचं प्रामाणिक घरही त्याच गटात.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला फोनवर जरा तावातावाने ऐकवलं. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा सगळ्यांना, हा कुठला न्याय, वगैरे. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण मागच्या बाकावर कोणी आवाज केला आणि नाव कळलं नाही, की तुम्ही अख्खा वर्ग उभा करायच्या. मी तर पहिल्या बाकावर बसायचो."

मी फोनवर गप्प. खरं होतं. पस्तीस वर्षं केलं मी ते. साठ पोरांतून एक शोधायला वेळ नसायचा, तास पुढे न्यायचा असायचा, म्हणून. त्या वेळी मलाही तो सोयीचा नियम वाटला होता, अन्याय वाटला नव्हता.

"तू उभा राहायचास तेव्हा मनात काय यायचं?" मी विचारलं.

"मागच्याचा राग यायचा. तुमचा नाही यायचा." थोडं थांबून म्हणाला, "नंतर तुमचाही यायला लागला."

त्या काळातली एक गोष्ट मात्र मला आवडलेली, ती सांगायला हवी. २००५-०६च्या सुमारास अक्षय प्रकाश योजना नावाचा एक प्रयोग राज्यात झाला. गावाने मिळून ठरवायचं की संध्याकाळी मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा मोटारी, गिरण्या, हिटर लावायचे नाहीत, तारांवरचे आकडे काढून टाकायचे. बदल्यात संध्याकाळची लाईन जाणार नाही, घरातले दिवे जळतील. पुष्कळ गावांनी ते करून दाखवलं. जास्त गावं आली, मोजणं अवघड झालं आणि योजना मागे पडली, ते सोडा. पण तेवढ्यापुरती यादी गावाने स्वतः केली होती. गिरणी बंद ठेवायची की पोरांचा अभ्यास, हे पारावर बसून ठरलं होतं. वरून पाठवलेला गट आणि आपण ठरवलेला अंधार यांत फरक आहे, आणि तो मेगावॅटमध्ये मोजता येत नाही.

२०१२च्या शेवटी राज्यातल्या बऱ्याच भागातलं रोजचं भारनियमन संपलं. ३१ डिसेंबर २०१३ला सोलापूर–रायचूर वाहिनीने दक्षिणेचं जाळंही बाकी देशाच्या तालात आलं; तोवर दक्षिणेशी देवाणघेवाण व्हायची ती आपल्या शेजारच्या भद्रावतीसारख्या केंद्रांतून, ताल न जुळवता. आणि आपलं वर्धा? शहराजवळच्या ७६५ केव्हीच्या उपकेंद्राला रायपूर, सिवनी, औरंगाबाद, निजामाबाद अशा चार दिशांच्या वाहिन्या येऊन मिळतात. रेल्वेच्या नकाशावर वर्धा जंक्शन होतंच, विजेच्याही झालं. विद्यार्थी सांगतो की त्यांच्या पडद्यावर 'वर्धा' हे नाव सतत डोळ्यांसमोर असतं. गावाकडची आठवण येते का रे मग, असं विचारलं तर म्हणे, "आठवण नाही मॅडम, धडकी येते. वर्धेला काही झालं तर अर्ध्या देशाला कळतं."

मागच्या हिवाळ्यात गावी गेले होते, दिराकडे. रात्री साडेनऊला जेवून पाठ टेकली तर पुतण्या बॅटरी, काठी आणि स्वेटर घेऊन निघाला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. शेतीच्या फीडरला थ्री फेज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर वाहिनी ज्या गावांत पोचली तिथे दिवसा मिळायला लागली आहे. इथे अजून यायची आहे. दाराच्या मागे वारांचा कागद लावलेला होता. या आठवड्यात रात्र.

मी म्हटलं, थंडीचं जाऊ नको, साप-किरडू असतं.

"काकू, लाईन आपल्यासाठी थांबते का?" असं म्हणून तो गेला. मी उठून तो कागद चष्मा लावून वाचला. वार होते, वेळा होत्या, खाली कोणाची सही नव्हती. परत आल्यावर मी विद्यार्थ्याला फोन करून विचारलं की हे कोण ठरवतं. तो म्हणाला, "ते आमच्याकडे नाही मॅडम. आम्हाला फक्त आकडा दिसतो." मग म्हणाला, विचारून सांगतो. अजून त्याचा फोन यायचा आहे.